रविवारी सकाळी मुलगी कुठे निघाली?



परवाच्या पत्रांत एक पत्र असं होतं की ते मी दोनदा वाचलं. लिहिणाऱ्या भगिनी एका जिल्ह्याच्या गावी राहतात. त्यांची मुलगी सातवीत आहे. शाळेत कुठल्याशा निसर्ग मंडळाची माणसं आली, त्यांनी पडद्यावर पक्ष्यांची चित्रं दाखवली, आवाज ऐकवले आणि तेव्हापासून मुलीने धोशा लावला आहे की मला मंडळात नाव घालायचंय. मंडळाची फेरी रविवारी पहाटे सहाला निघते. सासूबाई म्हणतात, "पाखरं बघून काय पोट भरतं?" यजमान म्हणतात, "तुला काय ते ठरव." (हे वाक्य आपल्या सगळ्यांच्याच ओळखीचं!) आणि बाईंची स्वतःची काळजी अशी की पुढच्या वर्षी आठवी, मग नववी, दहावी, आता हा नाद लागू द्यावा का? बरोबर कोण असतं, बाथरूमची सोय काय? पत्राच्या शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली आहे: "मुलगा असता तर मी एवढा विचार केला नसता, हे मलाही कळतं."

या एका ओळीसाठी आजचं सगळं सदर मी त्यांना देऊन टाकते आहे. मी शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते, आणि गेली चार वर्षं माझी मुलगी नाशिककडच्या एका मंडळाबरोबर जाते. बऱ्याच वेळा मीही जाते. तेव्हा जे पाहिलं ते सांगते.

आधी ही मंडळं करतात काय? पक्षिनिरीक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गळ्यात हातभर लांब कॅमेरा अडकवलेला माणूस उभा राहतो. मुलांच्या कार्यक्रमात तसलं काही नसतं. पावसाळा सरला की आमच्या मंडळाचं वर्ष सुरू होतं. शाळाशाळांतून चित्रांचा एकेक तास, महिन्यातून दोन रविवारी जवळच्या टेकडीवर किंवा गोदाकाठी फेरी, थंडीत एक मोठी सहल, उन्हाळ्यात तीन दिवसांचं शिबिर. नोव्हेंबरात पक्षी सप्ताह असतो. पाच तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि बारा तारखेला सालीम अलींचा, म्हणून राज्य सरकारने २०२० पासून हा आठवडा ठरवून दिला आहे. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले. वनखात्यात नोकरी करता करता या माणसाने रानातल्या लोकांच्या तोंडून पक्ष्यांची नावं गोळा केली आणि 'पक्षिकोश' लिहिला. मराठी शिकवणारी म्हणून मला त्याचं फार अप्रूप. ज्या मैनेच्या डोक्यावर काळे केस चापूनचोपून बसवल्यासारखे दिसतात, तिला 'भांगपाडी मैना' म्हणतात. एकदा ऐकल्यावर हे नाव मूल विसरेल का?

मोठी सहल म्हणजे नांदूर मधमेश्वर. नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी इंग्रजांच्या अमदानीत बंधारा घातला. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, मध्ये बेटं तयार झाली, उथळ पाणी, पाणगवत वाढलं. बंधारा बांधणाऱ्यांच्या दृष्टीने गाळ ही कटकटच, पण पक्ष्यांना नेमकं तेच हवं होतं. २०२० साली हे ठिकाण रामसर यादीत जाहीर झालं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत मोजलं गेलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. डिसेंबरात तिथे सकाळी धुकं असतं, हात खिशातून बाहेर काढवत नाहीत. धुकं विरळ झालं की पाण्यावर काळे ठिपके दिसू लागतात. काळं अंग आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा, म्हणून त्याचं नाव वारकरी. जवळच थापट्या बदक, चोच पुढे पसरट, अगदी आपल्या उलथन्यासारखी; त्या चोचीने ते पाणी गाळून खातं. आणि संस्कृत काव्यात रात्री एकमेकांपासून ताटातूट होणारं ते चक्रवाकाचं जोडपं प्रत्यक्षात लडाख-तिबेटाकडून हिवाळ्यापुरतं इकडे आलेलं असतं आणि दिवसाढवळ्या शेजारी शेजारी उभं असतं. बी.ए.ला असताना मी चक्रवाकावर चार गुणांची टीप लिहिली होती. पक्षी पाहिला तो त्यानंतर चौदा वर्षांनी.

पण खरी कमाई पक्ष्यांच्या नावांची नव्हे. ती आहे वहीची.

चांगल्या मंडळात प्रत्येक मुलाजवळ एक छोटी वही असते. तारीख, वेळ, जागा, आभाळ कसं होतं, मग पक्षी: किती, कुठे, काय करत होते. नियम एकच, दिसलं तेवढंच लिहायचं. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहायचं. माझ्या मुलीच्या वहीतली पहिल्या वर्षीची एक नोंद अशी आहे: "चिमणीपेक्षा लहान. पाठ हिरवट, डोकं विटकरी, शेपूट वर. जास्वंदीत. एवढासा असून केवढा ओरडतो!" ताईंनी नाव लगेच सांगितलं नाही. पुढच्या फेरीपर्यंत पुस्तकात शोध म्हणाल्या. (शिंपी निघाला. पानं शिवून घरटं करणारा.) हल्ली फोनला आवाज ऐकवला की नाव सांगणारी सोय निघाली आहे, ती आमच्या ताई सगळ्यात शेवटी काढतात. आधी डोळे, मग पुस्तक, मग फोन.

याचं महत्त्व मला शाळेत कळतं. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दिला की चाळीस वह्यांत चाळीस मोर थुई थुई नाचतात. एकानेही नाचणारा मोर पाहिलेला नसतो. तो गाइडातून आलेला असतो. गेल्या वर्षी एका मुलीच्या वहीत मोर नव्हता. पाण्याच्या टाकीमागे भिजून चिंब झालेला भारद्वाज होता, पंख पसरून वाळवत बसलेला. चौकशी केली तर ती मंडळात जाणारी निघाली. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो शिक्षिका असलेल्या मैत्रिणींना समजेल. तसा आता पर्यावरण हा विषय शाळेतही आहे, प्रकल्पही असतात. ते कोण करतं, आपण करतो, रात्री अकरा वाजता, डिंक आणि रंगीत कागद घेऊन. 'झाडे लावा, झाडे जगवा' असं थर्मोकोलवर कोरून नेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. असो.

सालीम अलींची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. दहा-बारा वर्षांच्या या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, असं त्याने मामांना विचारलं. मामांनी मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव मिलार्ड या इंग्रज गृहस्थांनी मुलाला हाकललं नाही. चिमणी ओळखून दिली, कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले. पुढचा सगळा इतिहास त्या दुपारपासून सुरू होतो. सालीम अली मोठे होतेच, पण मला त्या मिलार्डसाहेबांचं जास्त कौतुक वाटतं. आपल्या मुलाच्या प्रश्नाला असं बसून उत्तर देणारं मोठं माणूस घराबाहेर कुठे भेटतं, सांगा बरं? मंडळात भेटतं. बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई असतात, एखादा गॅरेजवाला असतो ज्याला घारी-गरुडांतलं सगळं कळतं.

आणि आता त्या शेवटच्या ओळीकडे येते.

ही मुंबईची सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून काढली. त्यांत आपले दोन डॉक्टर होते, डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंगांनी आपल्या मुलींना विलायतेपर्यंत शिकायला पाठवलं. त्यांची मुलगी अन्नपूर्णा हिने १८७८ मध्ये तरुण रवींद्रनाथ टागोरांना इंग्रजी बोलण्याचे धडे दिले. आणि सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि न कळत्या वयात झालेलं हे लग्न मान्य नाही, नांदायला जाणार नाही, असं सांगणाऱ्या रखमाबाई. सोसायटी निघाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८८४ मध्ये, तो खटला उभा राहिला. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टी वेगवेगळ्या पानांवर असतात. पण ज्या घरांत झाडापानांची, किड्यापाखरांची चौकशी चालत होती, त्याच घरांत मुलींच्या हाती पुस्तकही पडलं होतं, हे मला पत्र वाचताना राहून राहून आठवत होतं.

मग आज काय दिसतं? आमच्या मंडळात पाचवी-सहावीच्या मुली मुलांइतक्याच असतात, कधी जास्त. आठवीपासून एकेक गळू लागते. मुलगे येत राहतात. मुलींचं काय झालं विचारलं तर "क्लास असतो" हे उत्तर मिळतं. क्लास मुलग्यांनाही असतो की! खरं कारण कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. मुलगी मोठी झाली. आणि टेकडीवर चार तास आडोसा नाही. पोरी पहाटेपासून पाणीच पीत नाहीत, डोकं दुखतं म्हणतात आणि पुढच्या वेळी येतच नाहीत. अडचणीच्या दिवसांत तर प्रश्नच मिटला.

यावर उपाय आहेत, आणि ते मंडळातल्या पुरुषांना सुचत नाहीत, यात त्यांचा वाईटपणा नाही, त्यांना गरजच पडत नाही. आम्ही चार-पाच आयांनी बसून ते मांडले. फेरीची वाट अशी आखायची की दीड-दोन तासांत एखादी शाळा, देऊळ, ओळखीच्या शेतकऱ्याचं घर लागेल आणि आदल्या दिवशी तिथे फोन झालेला असेल. प्रत्येक फेरीत निदान दोन स्त्रिया असाव्यात. एका ताईंच्या पिशवीत जुनी वर्तमानपत्रं, पॅड, एक जादा ओढणी असते, आणि ती असते हे मुलींना पहिल्याच दिवशी, न लाजता, सांगितलेलं असतं. एवढ्याशा गोष्टी! पण त्यानंतर आठवी-नववीच्या मुली टिकल्या आहेत.

तेव्हा मंडळात नाव घालण्यापूर्वी फोन करून हेच विचारा. संकोच करू नका. "बाथरूमची सोय कशी करता?" या प्रश्नाला जे मंडळ नीट उत्तर देतं, ते बाकीचंही नीट करत असणार, असा माझा अनुभव आहे. उत्तर देताना हसले तर दुसरं मंडळ पाहा. शिवाय विचारा, एका मार्गदर्शकामागे मुलं किती? पंधरापेक्षा जास्त असतील तर ती वरात. टी-शर्ट, प्रशस्तिपत्रक, नाश्त्याला काय काय, याचंच जास्त कौतुक ऐकू आलं तर समजा की ती सहल आहे. सहलीला माझा विरोध नाही, पण तिला शिक्षण म्हणू नये. घरट्याजवळ जाऊन फोटो काढू देतात का, हे जरूर विचारा. नाही म्हणाले तर ती माणसं जाणती. सतत कोणी येऊन डोकावलं तर पक्षी घरटं सोडून देतात, आणि आपण दाखवलेल्या वाटेने मागून कावळाही येतो.

खर्चाचं म्हणाल तर गावातल्या फेरीला फार पडत नाही. दुर्बीण लगेच घेऊ नका. मंडळाच्या दोन-तीन असतात, मुलं आळीपाळीने बघतात. वर्षभर नाद टिकला तर घ्या, आणि दुकानदार "जास्त मोठं दिसतं" म्हणून दहा किंवा वीस पटीची गळ्यात मारायला बघेल तिकडे लक्ष देऊ नका. लहान हातात ती थरथरते, पक्षी सापडतच नाही. ८ × ४० पुरे. आठ म्हणजे आठपट, चाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. कपडे मळखाऊ, मातकट किंवा हिरवट. लाल-पांढरे नकोत. डब्यात दशम्या आणि तिळाची चटणी उत्तम. वेफर्सची पाकिटं देऊ नका, ती उघडली की शंभर पावलांवरचं सगळं उडून जातं.

आता एक गोष्ट पत्रलेखिकेने विचारलेली नाही, ती मीच सांगते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना तुम्हीही जा. काळजी म्हणून नव्हे, हो. मंडळं पालकांना बहुधा येऊ देतात. रविवारी पहाटे घराबाहेर पडायला आपल्याला देवदर्शनाखेरीज दुसरं कारण कुठे मिळतं? आदल्या रात्री कणीक मळून ठेवावी, चहा घरच्यांना करता येतो. जगबुडी होत नाही.

एका फेरीत विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी पाहिली. सुगरण म्हटलं की आपल्याला वाटतं बाई घर विणते आहे. बहिणाबाईंच्या कवितेने ती आपल्या मनात तशीच बसली आहे. तिथे आमच्या ताईंनी सांगितलं की घरटं विणतो तो नर. अर्ध्यावर आलं की मादी येते, आत शिरून, ओढूनताणून बघते. पसंत पडलं तर राहते. नाही तर चालली. पसंत पडलं की नर उरलेलं पुरं करतो आणि लगेच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! १९३० साली सालीम अलींनी अलिबागजवळ किहीमला बसून हे सारं टिपलं. अंडी उबवणं आणि बरंचसं पिलांना भरवणं मात्र तिच्याकडेच. आम्ही आया जी हसलो, की घरट्यांवरचे सगळे नर कलकलाट करत उडाले आणि ताईंनी आम्हाला गप्प केलं.

राहिली दहावी. पाखरं बघून पोट भरत नाही, सासूबाईंचं बरोबर आहे. गुणही वाढत नाहीत. मोठेपणी मुंबईच्या त्याच सोसायटीचे पक्षी, कीटक, वनस्पती यांवरचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम करता येतात, पण नोकरी लागते म्हणून मुलीला पाठवा असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणेन की दहावीच्या वर्षी महिन्यातून एक रविवार ठेवा. बाकीचे रविवार क्लासला द्या, चाचण्यांना द्या. पण तो एक काढून घेऊ नका, आणि काढून घ्यायचाच असेल तर घरात मुलगा असता तर त्याचाही काढला असता का, हे पत्रातलं वाक्य पुन्हा एकदा वाचा.

ज्यांच्या गावात मंडळ नाही त्यांनी हिरमुसू नये. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते, आपल्याकडे ती २०१३ पासून चालते. एका जागी निदान पंधरा मिनिटं बसायचं, दिसतील ते पक्षी मोजायचे आणि संगणकावर किंवा फोनवर 'ई-बर्ड'वर नोंदवायचे. पैसे पडत नाहीत. गॅलरी चालते, गच्ची चालते, मटार सोलता सोलता स्वयंपाकघराची खिडकीही चालते. सराव म्हणून याच आठवड्यात एकदा बसा. कावळे किती, पारवे किती, साळुंक्या किती. तांबट दिसला नाही तरी त्याचं टुक् टुक् ऐकू येईल, लांब कुणी तांब्याचं भांडं ठोकत बसल्यासारखं. उन्हाळ्याच्या तोंडावर "कोकिळा गाते" असं मुलं म्हणतील, तेव्हा त्यांना गाणाऱ्याला शोधून बघायला सांगा: तो काळा, तांबड्या डोळ्यांचा कोकीळ आहे, म्हणजे नर. कोकिळा तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि बहुतेक वेळा कावळ्याच्या घरट्यावर नजर ठेवून पानांत गुपचूप बसलेली. ती दिसली तर मला जरूर कळवा. कुठल्या झाडावर, किती वाजता आणि कावळा तेव्हा काय करत होता, तेही लिहा.